चटई क्षेत्र आणि चटई क्षेत्र निर्देशांक: दोन्हीकडे चटई कशी?

ठाकूरद्वार
आमच्या चाळीच्या पुनर्विकासाच्या कराराचा मसुदा इंग्रजीत आला आहे. निम्मे भाडेकरू सत्तरीच्या पुढचे आहेत, म्हणून समितीने तो मराठीत करायचं काम माझ्यावर सोपवलंय. घोडं अडलंय ते एकाच ठिकाणी. कार्पेट एरियाला सरकारी मराठीत 'चटई क्षेत्र' म्हणतात आणि एफएसआयला (फ्लोअर स्पेस इंडेक्स) 'चटई क्षेत्र निर्देशांक'. मी तसंच लिहिलं. सभेत शेजारच्या आजोबांनी कागद वाचून विचारलं, "निर्देशांक ३ लिहिलाय, म्हणजे माझ्या १६० फुटांच्या खोलीचे ४८० फूट होणार ना?" तो ३ चाळीच्या भूखंडाला लागू आहे, तुमच्या खोलीला नाही, हे समजावता समजावता सभेची वेळ संपली. चूक त्यांची नाही, कागदावर तसंच दिसतं. एफएसआयला दुसरा मराठी शब्द आहे का? करारात चालेल असा हवा.

जोतं-ते-गच्ची
मी नकाशे काढतो, रोज याच आकड्यांत असतो. आजोबांनी वाचलं ते शब्दाला धरूनच आहे, मुळात शब्दच चुकला आहे.

चटई क्षेत्र म्हणजे घराच्या आतलं, वापरता येणारं क्षेत्र. २०१६ च्या रेरा कायद्यात बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतःची बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यातून वगळली आहे आणि आतल्या पार्टिशनच्या भिंती धरल्या आहेत. एफएसआय म्हणजे सगळ्या मजल्यांवरचं मोजणीत येणारं एकूण बांधकाम भागिले भूखंडाचं क्षेत्र. भूखंड १,००० चौरस मीटर आणि एफएसआय ३ असेल, तर ३,००० चौरस मीटर बांधता येतं. त्यात जुन्या भाडेकरूंची घरंही आली आणि विकासक बाजारात विकणार तीही आली. वर फंजिबल, म्हणजे मूळ निर्देशांकावर मिळणारं जादा बांधकाम असतं, निवासी बांधकामाला ३५ टक्के. या हिशेबात बाहेरच्या भिंतींची जाडीसुद्धा धरली जाते, मग त्याला 'चटई' का म्हणायचं?

शिवाय तो निर्देशांकही नाही. निर्देशांक महागाईचा असतो, शेअर बाजाराचा असतो. हा साधा भागाकार आहे. मी 'बांधीव क्षेत्र गुणोत्तर' म्हणेन.

आजोबांना मात्र वेगळं सांगा: उपकरप्राप्त इमारतीत (जिच्यावर दुरुस्तीसाठीचा उपकर, म्हणजे सेस, लागतो अशा जुन्या इमारतीत) मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळतं. त्यांच्या कामाचा आकडा तो आहे.

पेठेतली
'गुणोत्तर' उत्तम, पण 'चटई' दोन्हीकडून काढा. इंग्रजीत कार्पेट होतं म्हणून कुणीतरी मराठीत चटई अंथरली. आपल्याकडे घर मोजायची स्वतःची भाषा होती. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात कुणी फूट सांगत नसे. "त्यांच्याकडे चार खण आहेत", "माडीवर दोन खण रिकामे आहेत" असंच बोलत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. घर ऐकल्यावर डोळ्यांसमोर उभं राहायचं. भिंत, जोतं, ओटी, पडवी, सोपा, माजघर, परस हे सगळे शब्द जागेचा वापर सांगतात. 'चटई क्षेत्र' काय सांगतं?

जोतं-ते-गच्ची
खणाचा आकार तुळईच्या लांबीवर ठरायचा आणि तुळई मिळेल त्या लाकडाची. एका वाड्यातला खण दुसऱ्या वाड्यात तेवढाच भरत नसे. करारात असं मोजमाप कसं घालणार?

पेठेतली
करारात खण घाला असं मी म्हटलंच नाही. शब्द करताना आपल्या घराकडे बघावं, इंग्रजी नकाशाकडे नको, एवढंच म्हणणं आहे.

फाइलबंद
मी सरकारी अनुवादात आयुष्य घालवलं, म्हणून थोडं विस्ताराने. भाषा संचालनालय १९६० साली सुरू झालं, तेव्हा कारभाराचे हजारो शब्द मराठीत नव्हतेच. ते घडवावे लागले, तेही फाइल थांबू न देता. काही शब्द अडखळत रुजले, काही रुजलेच नाहीत. 'चटई क्षेत्र निर्देशांक' अचूक नाही हे मला मान्य आहे. पण तो नियमावलीत आहे, शासन निर्णयांत आहे, विधानसभेतल्या उत्तरांत आहे. ठाकूरद्वार यांनी करारात 'बांधीव क्षेत्र गुणोत्तर' घातलं आणि उद्या वाद झाला, तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल की ही संज्ञा कुठल्या नियमात आहे. भाडेकरू तिथेच अडकतील.

उपाय व्याख्यांच्या कलमात आहे. पहिल्याच पानावर दोन्ही संज्ञा राजपत्रातल्याच द्या आणि प्रत्येकीखाली साध्या मराठीत अर्थ लिहा. शब्द बदलू नका, अर्थ सांगा.

लालबाग
अहो, पण हे शब्द बोलतं कोण? आमच्या इमारतीत एफेसाय म्हणतात, आणि त्याच्याबरोबर येणारी क्रियापदं ऐका: "त्याने गल्लीतला सगळा एफेसाय खाल्ला", "अजून एफेसाय शिल्लक आहे", "वर टीडीआर चढवलाय". शाळेत न गेलेल्या मावशीसुद्धा असं बोलतात आणि अर्थ अचूक असतो. नाम बाहेरून आलं, पण खाणं, उरणं, चढवणं आपलंच आहे. मराठी तिथे जिवंत आहे. करारात सरळ 'एफएसआय' लिहा, देवनागरीत.

टीडीआर म्हणजे एका जागेवरचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरणं. त्याचं सरकारी नाव बघा, 'हस्तांतरणीय विकास हक्क'. मी ते आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

फाइलबंद
बोलायला एफएसआय ठीक आहे. पण सगळंच तसं सोडलं तर मराठीत कायदा लिहिताच येणार नाही. 'मानीव अभिहस्तांतरण' (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) या शब्दांना लोक नाकं मुरडत. २००८ च्या दुरुस्तीने ती सोय कायद्यात आली आणि आज सोसायटीचे सचिव "आमचं मानीव झालं" असं सहज सांगतात. वापर आधी आणि सवय मागून.

वऱ्हाडी पाटी
नागपुरातून लिहितोय. आमच्याकडे १९३६ च्या कायद्याने झालेली नागपूर सुधार प्रन्यास ही संस्था आहे. ट्रस्टला 'प्रन्यास' हा शब्द बाहेरच्यांना जड वाटतो, इथला रिक्षावालाही सहज बोलतो. फाइलबंद यांचं म्हणणं मला पटतं. मात्र त्या नावातल्या पहिल्या शब्दाकडेही बघा. मुंबईत १८९८ साली जी संस्था झाली तिचं नावही सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे सुधारच. शहराची जुनी वस्ती पाडून रस्ते काढणं याला तेव्हा 'सुधारणा' म्हणत, आता त्याच कामाला 'विकास' म्हणतात आणि दुसऱ्यांदा केलं की 'पुनर्विकास'. माझा राग 'विकासक' या शब्दावर आहे. जो विटा रचतो आणि घरं विकतो तो बांधकाम करणारा. त्याला विकास करणारा म्हटलं की समोर बसलेला भाडेकरू आपोआप विकासाच्या आड येणारा ठरतो. 'बिल्डर' हा शब्द निदान काम काय ते सांगतो.

इथे 'लेआउट' म्हणजे वसाहत, हेही जाता जाता. पत्त्यात लिहितात. पुण्याच्या मित्राला ते नकाशाचं नाव वाटलं होतं.

जोतं-ते-गच्ची
विकासक हा शब्द करारात तसाच राहणार, कारण हक्क आणि जबाबदाऱ्या त्याच नावावर आहेत. पण पुनर्विकासाबद्दल एक मुद्दा. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींचं काम बघणारं म्हाडाचं मंडळ आहे ना, त्याचं नाव 'मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ'. १९६९ च्या कायद्यात पडकी इमारत दुरुस्त करणं किंवा पुन्हा बांधणं एवढाच विचार होता. 'पुनर्रचना' त्याला शोभतो. विकायची घरं आणि वाढीव एफएसआय आला तेव्हा 'पुनर्विकास' आला. दोन शब्द, दोन वेगळी धोरणं.

लालबाग
१९६९ निघालंच आहे तर विचारतो. 'उपकरप्राप्त इमारत' हे काय मराठी आहे? पुरस्कारप्राप्त लेखक म्हणजे ज्याला पुरस्कार मिळाला तो. मग उपकरप्राप्त इमारतीला उपकर मिळतो का? उपकर तर भाडेकरू भरतात! आमच्या आईला वाटायचं की सरकार आपल्या इमारतीला काही पैसे देतं. आम्ही साधं 'सेसची बिल्डिंग' म्हणतो.

पेठेतली
अगदी बरोबर. 'उपकरपात्र' म्हणायला हवं होतं, करपात्र उत्पन्न म्हणतो तसं.

शास्त्रीबुवांची नात
व्याकरणाने ते सोडवता येतं, पण ओढूनताणून. बहुव्रीहीत 'प्राप्तोदक ग्राम' असं जुनं उदाहरण आहे, ज्याच्यापर्यंत पाणी पोचलं ते गाव. तिथे 'प्राप्त' आधी येतं. 'उपकरप्राप्त' मध्ये ते नंतर आलं की उपकर मिळालेली असाच अर्थ लागतो. 'ज्यांच्याकडून उपकर प्राप्त होतो त्या' असा विग्रह करून कुणी समर्थन करेलही, मला तो मान्य नाही. आईंनी जे वाचलं तेच शब्द सांगतो.

आणि व्याकरण निघालंच आहे तर, राज्याच्या २०२० च्या विकास नियंत्रण नियमावलीच्या नावात 'एकत्रिकृत' छापतात. तिथे दीर्घ हवं: 'एकत्रीकृत', जसं एकत्रीकरण.

फाइलबंद
'उपकरपात्र' ने अर्थ बदलतो. ज्यांच्यावर उपकर बसू शकतो त्या सगळ्या इमारती उपकरपात्र. इथे अभिप्रेत आहेत त्या प्रत्यक्ष उपकर लागू असलेल्या, ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या, मुंबईच्या बेट शहरातल्या (उपनगरं सोडून जुन्या मुंबईतल्या). त्यांचे अ, ब, क वर्ग आहेत, १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या 'अ' वर्गात. या वर्गावर लोकांची घरं अवलंबून आहेत. शब्द सुचवताना एवढं तरी बघावं.

पेठेतली
मग 'उपकर लागू' असं दोन शब्दांत लिहा. समास केलाच पाहिजे असा काही नियम नाही.

मांडवीकाठ
गोव्यातून. आमच्याकडे एफएसआय नाही, एफएआर म्हणतात, त्यातला आर म्हणजे रेशो. म्हणजे जोतं-ते-गच्ची यांचं 'गुणोत्तर' इथे मुळातच आहे. तुम्ही शेतजमीन 'बिनशेती' करता, आम्ही तिची 'सनद' काढतो. सनद म्हटलं की तुमच्याकडे वकिलीची आठवत असेल.

ठाकूरद्वार
सगळ्यांचे आभार. फाइलबंद यांचा सल्ला घेऊन व्याख्या अशी केली आहे: "चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय): संपूर्ण भूखंडावर मिळून किती बांधकाम करता येईल त्याचे प्रमाण. या आकड्यावरून कोणत्याही एका भाडेकरूच्या घराचे क्षेत्र काढता येत नाही. भाडेकरूच्या घराचे चटई क्षेत्र परिशिष्टात त्याच्या नावापुढे चौरस फुटांत दिले आहे." वाचून बघा. 'प्रमाण' आणि 'गुणोत्तर' यांत कुठला ठेवू?

आणखी एक अडचण. मसुद्यात 'टेनमेंट' आहे. म्हाडाच्या कागदांत त्याला 'गाळा' म्हणतात. चालेल?

पेठेतली
गाळा म्हणजे दुकान! पुण्यात "गाळा घेतला" म्हटलं की कुणी विचारेल, कसलं दुकान टाकताय.

लालबाग
मुंबईत गाळा म्हणजे राहण्याची जागासुद्धा. गाळेधारक म्हणजे खोलीवाला. बीडीडी चाळींच्या (इंग्रजांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती आहेत. १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० फुटांचं घर ठरलं तेव्हापासून आमच्याकडे 'गाळा' मागे पडून 'सदनिका' ऐकू यायला लागला. घर मोठं झालं तसा शब्द बदलला.

पेठेतली
मूळ अर्थ दोन्ही नाहीत. दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे गाळा, खणाचाच भाऊबंद. मी वर हेच सांगत होते.

जोतं-ते-गच्ची
ठाकूरद्वार, तुमच्या चाळीत तळमजल्याला दुकानं असतील तर 'गाळा' वापरू नका. निवासी आणि अनिवासी भाडेकरूंचे हक्क वेगळे आहेत, तिथे घोटाळा नको. 'निवासी खोली' आणि 'दुकान' असं लिहा. आणि तुमची जागा पागडीची (भाड्याशिवाय घरमालकाला एकरकमी पैसे देऊन घेतलेली) आहे का? तसं असेल तर मसुद्यात तोही उल्लेख हवा.

पेठेतली
पगडी. 'पागडी' नव्हे.

लालबाग
मुंबईत पागडीच म्हणतात. गुजरातीत डोक्यावरच्या पगडीला 'पाघडी' म्हणतात आणि इथले बरेच घरमालक गुजराती, त्यांच्याकडूनच तो आला असणार असं मला वाटतं.

शास्त्रीबुवांची नात
तेवढ्यावरून गुजरातीकडे जायला नको. आपल्या 'पागोटे' मध्ये 'पा' दीर्घच आहे. जुना लेखी पुरावा दाखवा, मग ठरवू.

फाइलबंद
तो मिळणं कठीण आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाड्याव्यतिरिक्त अशी रक्कम घेणं गुन्हा ठरवला होता. १९९९ च्या कायद्याने, कलम ५६ खाली, ती घ्यायला मुभा दिली. मधल्या काळात पागडी म्हणून पैसे घेऊन तसं पावतीवर कोण लिहून देणार?

ठाकूरद्वार
आमच्या वडिलांच्या पावतीवर ती रक्कम लाकडी सामानाची किंमत म्हणून दाखवली आहे. खोलीत तेव्हा एक फळीसुद्धा नव्हती, असं ते सांगायचे. १९४७ च्या आधीची पावती कुणाच्या घरी असेल तर त्यावर 'पगडी' लिहिलंय, 'पागडी' लिहिलंय की आणखी काही, ते इथे जरूर टाका. नावं आणि पत्ते झाकून.

पेठेतली
आमच्या वाड्याची कागदपत्रं काकांकडे आहेत. रविवारी बघते. पण पुण्यात 'पगडी'च निघेल.