एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) झालं, पण फील्डवर डोकंच चालत नाही

नवखा_पुणेकर: एमएसडब्ल्यू करून जनता वसाहत झोपडपट्टीत काम सुरू केलंय, केसवर्क-ग्रुपवर्क (एकेका माणसासोबत नि गटासोबत काम करायच्या पद्धती) तोंडपाठ, पण परवा स्टेशनवर एकटं पोर दिसलं आणि करायचं काय तेच सुचेना. तुमचंही असंच झालं का?

फील्डवाली_ताई: झालं ना! १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर लावायचा आणि जेजे ॲक्ट २०१५ (बालन्याय कायदा) प्रमाणे २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, बालकल्याण समितीपुढे न्यायचं, हे पेपरात लिहिलेलं असतंच रे, पण पोर भोकाड पसरून रडतंय आणि हवालदार "नंतर या" म्हणतोय तेव्हा बोलायचं कसं ते कोण शिकवणार?

कोथरूडकर: आमचं फील्डवर्क म्हणजे संस्थेची रजिस्टरं भरणं, सुपरव्हिजन म्हणजे सही. थिअरी मात्र नंतर उपयोगी पडली, खोटं कशाला बोलू.

नवखा_पुणेकर: १०९८ सेव्ह केला ताई. हवालदाराचं सांगा ना पण.