दापोली ते गणपतीपुळे सायकलने: सोबतची गाडी पुढे ठेवावी की मागे?

घाटवाट:
नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही ११ जण अलिबागहून गोव्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलने जाणार आहोत. सामान, पाणी आणि सुटे भाग वाहून नेण्यासाठी सोबत एक सात आसनी गाडी असेल. साऱ्या आखणीत मला दापोली ते गणपतीपुळे हा दिवस सर्वांत अवघड वाटतो, कारण अंतर १०० किलोमीटरच्या आसपास असून दाभोळला वाशिष्ठीची आणि तवसाळला शास्त्रीची, अशा दोन खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. आमच्यातले तिघे सपाटीवर ताशी २५ च्या वेगाने सहज जातात, तर दोघांचा वेग चढावर ८ च्या वर जात नाही. गाडी शेवटच्या स्वाराच्या मागे असावी असे काहींचे म्हणणे आहे, आणि ती पुढे जाऊन थांबावी असे इतरांचे. ज्यांनी हा रस्ता केला आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

जुनी चेन:
मी हा रस्ता दोनदा केला आहे आणि माझे मत गाडी मागे ठेवण्याच्या बाजूने आहे. नकाशावर हा रस्ता समुद्रालगतचा दिसत असला, तरी प्रत्यक्षात तो खाडीपासून चढून सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर जातो आणि पुढच्या गावाशी पुन्हा खाली उतरतो. हे दिवसभर चालू राहते. एकही चढ सह्याद्रीतल्या घाटाएवढा लांब नाही, पण दाभोळच्या पलीकडच्या काठावरील धोपाव्याच्या धक्क्यावरून सुरू होणारा चढ बोटीत बसून थंड झालेल्या पायांना चांगलाच जाणवतो.

पहिल्या खेपेला आमची गाडी वेगवान मंडळींबरोबर पुढे निघाली आणि त्यांच्याच बोटीने खाडी ओलांडून गेली. मी शेवटच्या चौघांत होतो. दाभोळच्या उतारावर एकाच्या मागच्या टायरमध्ये जांभ्याची कपची घुसली. ट्यूब बदलली, पण आमच्याजवळचा हातपंप मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हचा होता आणि सायकलचा व्हॉल्व्ह बारीक. दोन्ही जोडणारी पितळेची टोपी, जी नखाएवढी असते आणि शर्टाच्या खिशातही मावते, ती गाडीतल्या अवजारांच्या पेटीत होती. सायकल हाताने ढकलत आम्ही धक्क्यावर आलो, तेव्हा पलीकडच्या काठावर गाडीचे पांढरे टप स्पष्ट दिसत होते. फोन लागत होता, मात्र मधल्या पाण्यावर त्याचा काही इलाज नव्हता, आणि रस्त्याने परत यायचे तर गाडीला चिपळूणवरून वळसा घालावा लागला असता. ती टोपी पुढच्या बोटीने, एका अनोळखी मासळीवाल्या मावशींच्या हातून आमच्यापर्यंत पोहोचली. त्या मावशींनी पैसे घेतले नाहीत, पण एवढी महागडी सायकल असून हवा भरता येत नाही याबद्दल चार शब्द मात्र सुनावले.

सारथी:
माझे यजमान सायकल चालवतात आणि मी अशा तीन मोहिमांमध्ये गाडी चालवली आहे, म्हणून चालकाची बाजू मांडते. वरच्या प्रतिसादातला अनुभव खरा असला, तरी त्यावरचा उपाय मला पटत नाही. अरुंद रस्त्यावर ताशी ८ च्या वेगाने सायकलमागे गाडी रेटणे म्हणजे मागून येणाऱ्या एसटीला विनाकारण अडवणे होय. शिवाय सतत पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून चालल्यामुळे क्लच जळण्याचा वास येऊ लागतो, आणि चढणाऱ्या माणसाला पाठीशी इंजिनाची घरघर ऐकू आली की तो आपल्या लयीत न चढता घाईने चढतो व लवकर दमतो.

मी प्रत्येक चढाच्या माथ्यावर, रस्ता दोन्ही बाजूंना दूरवर दिसेल अशा ठिकाणी, गाडी बाजूला घेऊन थांबते आणि शेवटचा माणूस पुढे गेल्याशिवाय हलत नाही. पाण्याची खरी गरजही तिथेच असते, कारण सड्यावर सावली नसते आणि दुकान खाली गावात असते. नुसते पाणी देऊ नका, त्यात मीठ-साखर घाला किंवा मीठ घातलेले कोकम सरबत ठेवा, कारण घामावाटे मीठही जाते. गुहागरला मात्र जेवणाचे ताट आणि त्यावर उकडीचे मोदक असा बेत करू नका. आमच्यातले दोघे त्यानंतर पालशेतच्या पुढे सायकलीसकट माझ्या गाडीत येऊन बसले होते.

शेवटच्या स्वारासोबत एक अनुभवी माणूस ठरवून ठेवावा, ज्याला सायकलवाले स्वीप म्हणतात. त्याच्या पिशवीत ट्यूब, पंप, चेन जोडण्याचे अवजार आणि ती प्रसिद्ध पितळी टोपी असली, म्हणजे गाडी थोडी दूर असली तरी चालते.

जुनी चेन:
एसटीचा मुद्दा मान्य आहे आणि क्लचचाही, त्यामुळे गाडी सतत मागे ठेवण्याचा आग्रह मी सोडतो. मात्र दोन्ही धक्क्यांवर सर्व ११ जण जमल्याशिवाय गाडीने बोटीत चढू नये, यावर मी ठाम आहे. एखादी बोट चुकली तरी हरकत नाही.

घाटवाट:
दोघांचेही आभार. माथ्यावर थांबणारी गाडी, स्वीप आणि धक्क्यावर सर्वांची मोजदाद, असे आता ठरवत आहोत. एक शंका उरते. प्रत्येक धक्क्यावर थांबायचे, तर शेवटचा टप्पा अंधारात जाईल का?

सारथी:
त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहा वाजून गेल्यावर थोड्याच वेळात मावळतो. म्हणून उजाडताच दापोली सोडा आणि चारपर्यंत तवसाळच्या धक्क्यावर या. हेदवीच्या दशभुजा गणपतीचे दर्शन वेळ पाहून घ्या. तवसाळच्या पलीकडच्या काठावरील जयगडहून मालगुंडमार्गे गणपतीपुळ्यापर्यंत पुन्हा चढउतार आहेत. आणि मागचे लाल दिवे सकाळीच सायकलींना लावून घ्या, कारण मागच्या वेळी ते सर्व माझ्या गाडीच्या डिकीत, सगळ्या पिशव्यांच्या तळाशी होते.