ग्रामीण रुग्णालयात ॲक्युपंक्चरिस्टचं पद असावं का?

गोदाकाठ: राज्याने ॲक्युपंक्चरचा, म्हणजे अंगात बारीक सुया टोचून उपचार करण्याचा, २०१५ चा कायदा केला, केंद्राने २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. आता पद भरा. ऊसतोड संपली की धारूर-वडवणीकडची माणसं कंबर धरून ओपीडीत येतात आणि डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळीची पट्टी घेऊन जातात. रिकाम्या पोटी खाल्ली की जठराला जखम, वर्षानुवर्षे खाल्ली की किडनीवर ताण.

बालाघाट: गोळीचं म्हणणं मान्य, पण त्याला उत्तर सुई कशी? कोणता उपचार द्यावा हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका असंच सांगितलं. नुसत्या खोट्या सुया लावल्या तरी जवळपास तेवढाच आराम पडतो. पैसा आहे तर आधी फिजिओथेरपिस्ट द्या. मोळी उचलताना पाठ कशी ठेवायची ते तरी शिकवेल.

गोदाकाठ: त्याच संस्थेने २०२१ मध्ये कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी मर्यादित तासांपुरतं ॲक्युपंक्चर चालेल म्हटलंय. अर्धशिशीलाही उपयोग दिसतो, पण किमान सहा बैठका लागतात. कंबरेचा दावा मी मागे घेतो, पदाचा नाही.

मांजरा: पद द्याच, पण आधी ॲक्युपंक्चरिस्टची परीक्षा कडक करा. खांद्यावरचा जीबी २१ हा सुई टोचायचा बिंदू बघा. बारीक माणसाला तिथे सुई सरळ खोल गेली तर फुप्फुसाच्या टोकाला भोक पडतं. दम कधीकधी काही तासांनी लागतो, तोवर पेशंट एसटीत बसून गावाकडे निघालेला. म्हणून स्नायू चिमटीत उचलायचा आणि सुई उथळ ठेवायची. बारा लावल्या तर बारा मोजून काढायच्या, थेट सुई आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात. सुई एकदाच वापरायची. पेसमेकर असेल तर सुयांना करंट जोडायचा नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू आहे का, हे विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला तर नकोच, जखम झालेली कळतसुद्धा नाही.

बालाघाट: आणि लघवीवरचा ताबा सुटलेला, जांघेत बधिरपणा आलेला पेशंट? त्याच्या मणक्यातल्या नसा दबलेल्या असू शकतात, सुया लावत बसलं तर पायातली ताकद कायमची जाऊ शकते. त्याला त्याच दिवशी एमआरआय हवा.

मांजरा: म्हणूनच सुया लावणारा माणूस बाहेरच्या दुकानात नको, रुग्णालयातच हवा. पहिली तपासणी मेडिकल ऑफिसरची, केसपेपरवर त्यांची सही, मगच सुई.

बालाघाट: या अटीवर चालेल. पण फिजिओथेरपिस्टचं पद आधी भरा.