जुन्या कोटाच्या शिवणीत सापडलेलं दुसरं लेबल कशाचं?

उसवण: अमेरिकेत शिवलेला बायकांचा एक जुना कोट दुरुस्तीला घेतलाय. आतल्या शिवणीत कंपनीच्या लेबलाखेरीज एक छोटं लाल-पांढरं-निळं लेबल आहे, त्यावर सुई-दोरा आणि ‘आयएलजीडब्ल्यूयू’. हे काय असावं? काढून टाकू का?

ओव्हरलॉकवाली: काढू नका, ताई! इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन, म्हणजे बायकांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांची संघटना. कोट युनियनच्या कारखान्यात शिवला गेला, याची ती खूण. तीन रंग आहेत म्हणजे १९७४ ते १९९५ मधला. १९९५ मध्ये ही युनियन दुसरीत विलीन झाली. १९७५ साली त्यांनी टीव्हीवर जाहिरात केली, कपडे घेताना हे लेबल बघा म्हणून. त्या जाहिरातीत गाणं होतं, आणि ते गाणाऱ्या बायका-पुरुष युनियनचे सभासदच होते. मी पंचवीस वर्षं ओव्हरलॉक मशीनवर बसले. माझ्या हातून गेलेल्या एकाही कपड्यावर मी तिथे होते याची खूण नाही. म्हणून या चिंधीएवढ्या लेबलाचं मला फार मोल वाटतं.

काजबटण: कल्पना मूळची शिवणकामवाल्यांचीच का?

ओव्हरलॉकवाली: नाही, सिगार वळणाऱ्यांची. आणि सुरुवात चांगली नाही, तेही सांगायला हवं. १८७०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या गोऱ्या सिगार कामगारांनी पेट्यांवर लेबल लावलं ते ‘माल गोऱ्या हातांचा आहे, चिनी कामगारांचा नाही’ हे सांगायला. तीही पोटासाठी राबणारीच माणसं होती, त्यांनाच बाहेर ठेवण्यासाठी ही खूण वापरली. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. १८८०मध्ये सिगार कामगारांच्या राष्ट्रीय युनियनने निळं लेबल घेतलं. मग टोपीवाले, छापखानेवाले, सगळेच आले. १९०९ साली अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार संघटनांच्या महासंघाने लेबलांसाठी वेगळा विभागच काढला. घरची खरेदी बायका करतात हे ओळखून कामगारांच्या बायकांची मंडळं उभी राहिली. नवऱ्याने संपात मिळवलेली मजुरी बिनलेबलाच्या मालावर घालवू नका, असा त्यांचा प्रचार असे.

उसवण: अस्तर बदलतेय, पण लेबल परत त्याच शिवणीत टाचणार.

ओव्हरलॉकवाली: बारीक टाके घाला. कडा लवकर सुटतात.