गुरू तेगबहादूर यांचं बलिदान: तारीख, औरंगजेब आणि जिझिया, तिन्हींचा घोळ

कोरा_कागद:
शिखांच्या नवव्या गुरूंवर, म्हणजे गुरू तेगबहादूर यांच्यावर, चार परिच्छेदांचं टिपण करतोय. तीन जागी अडलोय. कुठे ११ नोव्हेंबर १६७५, कुठे २४ नोव्हेंबर, तर २०२५ मध्ये ३५० वा शहीदी दिन २५ नोव्हेंबरला झाला. दुसरं, औरंगजेबानं त्यांना दरबारात बोलावून समोरासमोर धर्मांतराची अट घातली, असं बऱ्याच ठिकाणी आहे. ते खरं धरायचं का? तिसरं, जिझियाला (बिगरमुस्लिमांवरच्या कराला) विरोध केला म्हणून मारलं, हे कारण लिहू का?

तिथीवाला:
तारखेपुरतं सांगतो. मूळ नोंद विक्रम संवत १७३२, मार्गशीर्ष शुद्ध ५, गुरुवार. जुन्या ज्युलियन गणनेत तो दिवस ११ नोव्हेंबर १६७५. आजच्या ग्रेगोरियन गणनेत तोच दिवस २१ नोव्हेंबर येतो, कारण त्या शतकात दोन्हींत १० दिवसांचा फरक होता. मग २४ कुठून आली? पंजाबी सौर महिन्यानं तो दिवस मघ्घर ११ होता (मघ्घर म्हणजे मार्गशीर्षच). शिखांच्या २००३ च्या नानकशाही कॅलेंडरात मघ्घर १४ नोव्हेंबरला सुरू होतो, म्हणून ११ मघ्घर म्हणजे २४ नोव्हेंबर. तिथीनं पाळणाऱ्यांची तारीख दरवर्षी हलते, २०२५ मध्ये ती २५ ला आली.
आपल्याकडे महिना अमान्त (अमावास्येला संपणारा) आणि पंजाबात पौर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारा) असला तरी इथे अडचण नाही. शुद्ध पक्षात महिन्याचं नाव दोन्हीकडे एकच असतं, घोळ होतो तो वद्य पक्षात. टिपणात '११ नोव्हेंबर १६७५ (ज्युलियन), मार्गशीर्ष शुद्ध ५' एवढं लिहा. नुसतं २४ नोव्हेंबर १६७५ लिहिलंत तर ते कुठल्याच गणनेत बसत नाही.
पाचव्या गुरूंचंही असंच आहे. गुरू अर्जनदेव ३० मे १६०६ ला लाहोरात शहीद झाले आणि नानकशाहीत तो दिवस १६ जूनला येतो. दोघांचं टिपण एकत्र करणार असाल तर एक ज्युलियन आणि एक नानकशाही अशी सरमिसळ करू नका.

शिक्का_मोर्तब:
जिझिया आधी खोडा. तो औरंगजेबानं १६७९ मध्ये पुन्हा लावला, म्हणजे गुरूंच्या वधानंतर चार वर्षांनी. हे कारण इतक्या ठिकाणी छापलेलं दिसतं, की लिहिणारे सनावळी बघतात की नाही अशी शंका येते.
दरबारातला प्रसंगही काढा. पठाणांच्या बंडामुळे बादशहा १६७४ मध्येच वायव्येकडे गेला होता. १६७५ अखेरपर्यंत त्याचा मुक्काम रावळपिंडीच्या पलीकडे हसन अब्दाल इथे होता आणि दिल्लीत तो मार्च १६७६ मध्ये परतला. म्हणजे वधाच्या दिवशी तो दिल्लीत नव्हता. पण एवढ्यानं त्याची जबाबदारी संपत नाही. एवढ्या मोठ्या माणसाला राजधानीच्या भर चौकात मारायचं तर वरची संमती लागणारच. 'बादशाही हुकमानं, दिल्लीच्या अंमलदारांकरवी' असं लिहा.
आता कारण. काश्मीरचा सुभेदार इफ्तिखार खान याच्या काळात तिथल्या पंडितांवर धर्मांतराची सक्ती झाली. मट्टनचे पंडित कृपाराम काही जणांना घेऊन 'चक्क नानकी' या गावी, म्हणजे आजच्या आनंदपूरला, गुरूंकडे आले, असं शीख परंपरा सांगते. भाट वह्यांत (भाटांनी ठेवलेल्या नोंदवह्यांत) अटक जुलै १६७५ मध्ये रोपडजवळ मलिकपूरला झाल्याची नोंद आहे. दुसऱ्या काही कथनांत ती आग्र्याला होते. यातलं एक निवडलंत तर कुणाच्या आधारानं ते सांगा.
फारसी साधनं जपून वापरा. 'मआसिर-ए-आलमगिरी' या औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या इतिहासात या वधाचा उल्लेखच नाही. मात्र १६७६ च्या ऑक्टोबरात गुरूंच्या एका शिष्यानं बादशहावर विटा फेकल्याची नोंद त्यात आहे. शंभरेक वर्षांनी लिहिलेल्या 'सियर-उल-मुताख्खिरीन'मध्ये गुरू हाफिज आदम नावाच्या फकिराच्या साथीनं पंजाबात लूटमार करत होते, असा आरोप आहे. लोक तो बिनदिक्कत उचलतात. पण हा आदम म्हणजे शेख आदम बनूरी, आणि ते तर १६४३ च्या सुमारासच मदिनेत वारले होते!

कोरा_कागद:
मग काश्मीरचा भाग फक्त परंपरेवर उभा आहे का? आणि चांदणी चौक, रकाबगंज, आनंदपूर या तीन जागांचा क्रम कसा लावू?

वाटसरू_जुना:
अगदी फक्त परंपरा म्हणता येणार नाही. दहाव्या गुरूंच्या, म्हणजे गुरू गोविंदसिंगांच्या नावावरच्या 'बचित्तर नाटक'मध्ये नवव्या गुरूंनी टिळा आणि जानव्यासाठी शीर दिल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. काश्मीरचं नाव मात्र तिथे नाही, ते नंतरच्या लिखाणात येतं. दोन्ही वाक्यं वेगळी ठेवा.
जागा अशा. चांदणी चौकात कोतवालीला लागून वध झाला, तिथे गुरुद्वारा सीसगंज. ज्या झाडाखाली वध झाला त्याचं खोड आणि तिथली विहीर तिथे जपली आहे. त्याआधी सोबतच्या तिघांना मारलं: भाई मतीदास करवतीनं चिरले गेले, भाई दयाला उकळत्या पाण्यात मारले गेले, भाई सतीदास कापसात गुंडाळून जाळले गेले. ही नावं टिपणात हवीतच, बहुतेक ठिकाणी ती गळतात.
शीर भाई जैता यांनी गुपचूप उचलून उत्तरेकडे नेलं. कीरतपूरला गुरूंचे पुत्र गोविंदराय (पुढचे गुरू गोविंदसिंग) सामोरे आले आणि आनंदपूरला अंत्यसंस्कार झाले. तिथल्याही गुरुद्वाऱ्याचं नाव सीसगंजच, म्हणून 'सीसगंज, दिल्ली' असं पूर्ण लिहा. धड लखीशाह वणजारा यांनी आपल्या तांड्याच्या गाड्यांत घालून रायसीन्याला नेलं आणि उघड चिता रचणं शक्य नसल्यानं राहत्या घरालाच आग लावली. ती जागा रकाबगंज, आजच्या संसद भवनाशेजारी. दिल्लीतली दोन्ही ठिकाणं १७८३ मध्ये शीख सरदार बघेलसिंग यांनी शोधून तिथे गुरुद्वारे उभारले. आजच्या इमारती नंतरच्या आहेत, म्हणून फोटोखाली '१७८३ ची वास्तू' असं लिहू नका.