आठवडाभर गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, नवीन टाकू की आधी काही तपासू?

डिचोलीकर
मंडळी जरा मदत करा. पेट्रोल हॅचबॅक आहे, ३५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत मावणारा चार्ज) बॅटरी, टाकून अजून दोन वर्षंही झाली नाहीत. मी वेर्ण्याला कामाला, जाणंयेणं कंपनीच्या बसने, त्यामुळे गाडी सोमवार ते शनिवार घरासमोर उभीच असते. मे महिन्यात सुट्टीत रोज फिरत होती तेव्हा काही नव्हतं, पण पाऊस सुरू झाल्यापासून रविवारी चावी फिरवली की नुसतं टक टक टक, स्टार्टर फिरतच नाही. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप दिला की लगेच चालू आणि मग दिवसभर कितीदा बंद करून परत चालू केली तरी त्रास नाही. गॅरेजवाला म्हणतो बॅटरी गेली, बॅटरीवाला म्हणतो बॅटरी चांगली आहे, गाडीत करंट लीक होतोय. पावसाने कुठे वायरिंगमध्ये पाणी गेलं असेल का? घरात आईची तब्येत बरी नसते, रात्री-अपरात्री न्यायची वेळ आली तर हीच एक गाडी आहे म्हणून जास्त काळजी वाटते.

म्हापसा_मारुतीप्रेमी
दर दोन दिवसांनी पाच मिनिटं चालू करून ठेव, माझ्या भावाने तेच केलं, प्रॉब्लेम गेला.

वायरिंगवाला_फोंडा
पाच मिनिटांनी काही होत नाही हो. गाडी नुसती उभी चालू ठेवली तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरतो तो) जेमतेम करंट देतो, त्यात पावसात वायपर, लाइट, एसी चालू असले तर बॅटरीला उरतं काय? पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला चार्जरवर तासन् तास लावावी लागते. आणि मूळ कारण तसंच राहिलं तर रोज हेच करत बसणार का.

डिचोलीकर, बॅटरी घेऊ नकोस अजून. आधी एवढं ठरव की दोष बॅटरीत आहे की गाडीत. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घे, काही तास तशीच ठेव, मग मल्टिमीटरने व्होल्टेज बघ, १२.६ च्या आसपास हवं. आता निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेव आणि दोन-तीन दिवसांनी परत बघ. टर्मिनल काढलेलं असूनही १२.२-१२.३ वर आली तर बॅटरीच आतून खराब. १२.६ च्या जवळ टिकली तर बॅटरीवाला खरं बोलतोय. गाडी चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.४ मिळतंय का तेही बघून घे, म्हणजे चार्जिंगची शंका नको.

अजून एक, आपल्याकडे पावसात बॅटरीच्या वरच्या बाजूला धूळ आणि ओल मिळून थर बसतो, टर्मिनलवर पांढरं-हिरवं येतं. त्या ओल्या थरातूनही थोडा करंट वाहतो. मीटरची एक पिन निगेटिव्हला आणि दुसरी नुसती प्लास्टिकवर फिरवून बघ, व्होल्ट दाखवले तर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडं कर, फक्त सोडा झाकणाच्या भोकांतून आत जाऊ देऊ नकोस.

आणि सांग, गाडीत बाहेरून काय काय बसवलंयस? स्टिरिओ, डॅशकॅम, जीपीएस, काहीही.

डिचोलीकर
दादा, केलं सगळं. टर्मिनल काढून ठेवली तर १२.६ वरची १२.५८ झाली, म्हणजे बॅटरीचा दोष नाही. चार्जिंग १४.२ आहे. वरून पुसून घेतली. बाहेरचं म्हणाल तर एप्रिलच्या शेवटी मोठ्या स्क्रीनचा स्टिरिओ बसवला, बाकी काही नाही. पण उतरताना तो मी बटणाने बंद करतो, स्क्रीन काळी होते.

वायरिंगवाला_फोंडा
स्क्रीन काळी झाली म्हणजे आतलं झोपलं असं नाही. आता करंट मोज, घाई करू नकोस, बहुतेक लोक इथेच चुकतात.

मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात लाव, मिलिअँपच्या भोकात लावलीस तर मीटरचा फ्यूज उडेल. बॉनेट उघडं ठेव. दरवाजा उघडाच ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद कर, म्हणजे गाडीला वाटेल दरवाजा लागला, आणि तुला फ्यूज बॉक्सपर्यंत हात घालता येईल. रिमोटने लॉक कर आणि चावी लांब घरात नेऊन ठेव. निगेटिव्ह केबल काढायच्या आधीच मीटरची एक पिन केबलच्या क्लॅम्पला आणि एक बॅटरीच्या खांबाला धर, मग क्लॅम्प वर उचल, म्हणजे करंट तुटत नाही आणि गाडीतले कंट्रोलर (छोटे कॉम्प्युटर) परत जागे होत नाहीत. आता अर्धा तास थांब. सुरुवातीला दोन-तीन अँपिअरही दिसतील, घाबरू नकोस, एकेक कंट्रोलर झोपत जातो तसा आकडा उतरतो. शेवटी ०.०५ अँपिअरच्या खाली स्थिरावला तर गाडी ठीक, नाहीतर एकेक फ्यूज काढून बघ कुठल्याने आकडा पडतो. मीटर लावलेला असताना चावी फिरवायची नाही, स्टार्टर तर अजिबात नाही. आणि काम झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्टेज बघायला जाशील आणि सरळ शॉर्ट होईल.

साखळीचा_संदेश
यात भर घालतो, फ्यूज उपटण्याआधी मिलिव्होल्टने बघ. प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर दोन छोटे उघडे धातूचे ठिपके असतात, त्यांच्यावर पिना टेकव. करंट वाहत नसेल तर शून्य, वाहत असेल तर थोडा का होईना आकडा दिसतो. फ्यूज काढून परत लावला की काही गाड्यांत सगळे कंट्रोलर जागे होतात आणि परत अर्धा तास बसावं लागतं, ते वाचतं. फक्त मीटर ०.१ मिलिव्होल्ट दाखवणारा हवा. डिकीचा दिवा बंद होतो का ते बघायला मोबाईलवर व्हिडिओ चालू करून डिकीत ठेव आणि डिकी लाव.

डिचोलीकर
सापडलं बहुतेक! अर्ध्या तासानंतरही आकडा ०.२४ वर अडकलेला. मिलिव्होल्टने एकाच फ्यूजवर हालचाल दिसली, तो काढला तर थेट ०.०२. मॅन्युअलमध्ये त्या फ्यूजवर रूम लाइट, डिकीचा दिवा आणि ऑडिओ लिहिलंय. दिवे दोन्ही बंद आहेत, व्हिडिओ काढून बघितला. मग फ्यूज परत लावून स्टिरिओच्या मागचा कपलर (वायरींचा प्लग) काढला, थोडा वेळ थांबलो, परत ०.०२.

वायरिंगवाला_फोंडा
बरोब्बर. हिशेब कर ना, ०.२४ गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला पावणेसहा एएच, सहा दिवसांत साधारण ३५. तुझी अख्खी बॅटरी. पावसाचा संबंध एवढाच की तेव्हापासून गाडी उभी राहायला लागली. मे महिन्यात रोजच्या फिरण्यात भरून निघत होतं.

आता स्टिरिओच्या मागे पिवळी आणि लाल वायर बघ. पिवळी कायमच्या १२ व्होल्टला, मेमरीसाठी. लाल अॅक्सेसरीला, म्हणजे चावी काढली की तिथे शून्य झालं पाहिजे. घाईत बसवताना दोन्ही एकत्र पिळून कायमच्या लाइनला जोडतात, मग स्टिरिओ झोपतच नाही.

डिचोलीकर
दोन्ही एकत्रच होत्या, वर टेप गुंडाळलेली! इलेक्ट्रिशियनकडून लाल वायर अॅक्सेसरीवर घेतली, आता सगळं जोडलेलं असून ०.०३. या रविवारी पहिल्या झटक्यात चालू झाली. खूप आभार सगळ्यांचे, आईला सांगितलं तर तिलाही बरं वाटलं.

तारवटी_पेडणे
चांगलं झालं. माझ्यासारखे बोटीवर असतात त्यांच्यासाठी लिहितो. गाडी एकदम निरोगी असली तरी ०.०५ ने महिन्याला ३६ एएच जातात, म्हणजे सहा महिने उभी ठेवली तर ३५ एएचची बॅटरी मेलीच म्हणून समजा. मी जायच्या आधी बॅटरी पूर्ण भरतो, निगेटिव्ह काढतो आणि घरी सांगून ठेवतो महिन्या-दीड महिन्याने चार्जरला लावायला, कारण उन्हाळ्यात टर्मिनल काढलेलं असलं तरी बॅटरी आपोआप थोडी उतरतेच. परत जोडल्यावर घड्याळ लावावं लागतं, बाकी काही नाही.

वायरिंगवाला_फोंडा
डिचोलीकर, एक काम राहिलं. ही बॅटरी इतक्यांदा पूर्ण उतरलीय, त्यात प्लेटवर सल्फेट बसलेलं असू शकतं, वरून १२.६ दाखवेल पण दम कमी असेल. गॅरंटी संपायच्या आत बॅटरीवाल्याकडे लोड टेस्ट (जास्त करंट ओढून बॅटरी तपासणं) करून घे. घरी बघायचं तर कुणाला तरी स्टार्टर मारायला सांग आणि तेव्हा टर्मिनलवर मीटर धर, ९.६ च्या खाली जाता कामा नये.

डिचोलीकर
आत्ताच बघितलं दादा, १०.४ पर्यंत खाली येऊन परत वर जाते. शनिवारी हाफ डे आहे, लोड टेस्टही करून घेतो.