विषय: बाबांच्या रिटायरमेंटसाठी पंचवीस वर्षं जुनी स्कॉच कुठून घेऊ?

नमस्कार मंडळी,

माझे बाबा ३१ मेला रिटायर होत आहेत. महिन्यातल्या एखाद्या शनिवारी गच्चीवर मित्रांसोबत दोन पेग, तेही सोड्यातून, यापलीकडे त्यांनी कधी स्वतःचे लाड केले नाहीत. नागपूरला जाताना त्यांच्यासाठी पंचवीस वर्षं जुनी सिंगल माल्ट (एकाच कारखान्यात, मोड आणलेल्या जवापासून गाळलेली व्हिस्की) न्यावी असं मनात आहे. बजेट दोनशे, फार तर अडीचशे पौंड.

वेबसाइट पाहिल्या आणि गोंधळ वाढला. मॅकॅलन या नामांकित ब्रँडची पंचविशी हजार पौंडांच्या कितीतरी पुढे. आणि त्याच दुकानात कधी न ऐकलेल्या कंपनीच्या लेबलखाली तेवढ्याच वयाची बाटली माझ्या बजेटात बसते. ही खोटी असते का? की कमी दर्जाची? आणि दोन-तीन बाटल्या बॅगेतून नेल्या तर कस्टमला अडवतील का?

जाणकारांनी कृपया सांगावं.

— लक्ष्मीनगरची, सध्या रेडिंग

*

उत्तर: बाबांच्या रिटायरमेंटसाठी पंचवीस वर्षं जुनी स्कॉच कुठून घेऊ?

बेटा,

आधी बाबांचं अभिनंदन कळव. मुलीने असा विचार केला यातच त्यांचं निम्मं सुख आहे.

ती स्वस्तातली बाटली खोटी नाही आणि कमी दर्जाचीही नाही. तुझ्या बजेटात खरीखुरी जुनी स्कॉच हवी असेल तर तिकडेच बघ. त्या कंपन्यांना इंडिपेंडंट बॉटलर म्हणतात. त्या दुसऱ्यांच्या डिस्टिलरीतून, म्हणजे व्हिस्की गाळण्याच्या कारखान्यातून, पिंपं विकत घेतात, वर्षानुवर्षं सांभाळतात आणि स्वतःच्या लेबलखाली भरतात. स्कॉटलंडमध्ये हा धंदा फार जुना आहे. डिस्टिलऱ्या पूर्वी आपला बहुतेक माल ब्लेंड (अनेक व्हिस्क्यांचं मिश्रण) करणाऱ्यांना पिंपाच्या हिशोबाने विकत, सिंगल माल्टची बाटली ही अलीकडची गोष्ट. एल्गिन गावात १८९५ साली किराणा दुकान म्हणून निघालेली गॉर्डन अँड मॅकफेल ही कंपनी आपली रिकामी पिंपं डिस्टिलऱ्यांकडे पाठवून भरून घेत आली. म्हणून त्यांच्या गोदामात असं काही सापडतं जे मूळ डिस्टिलरीकडेही उरलेलं नाही. २०२१ मध्ये त्यांनी ग्लेनलिव्हेट डिस्टिलरीची ८० वर्षं जुनी व्हिस्की काढली. आता २०२४ पासून दुसऱ्यांच्या डिस्टिलरीत नवीन पिंपं भरणं त्यांनी थांबवलं आहे, पण साठा अजून अनेक वर्षं पुरणारा आहे. त्याहून जुनी कॅडनहेड, १८४२ ची, जी आज स्प्रिंगबँक डिस्टिलरीच्या मालकांकडे आहे. सिग्नेटरी १९८८ ची. डग्लस लँग ग्लासगोची. आणि लंडनच्या सेंट जेम्स भागातली बेरी ब्रदर्स तर १६९८ पासूनची. या नावांवर निर्धास्त विश्वास ठेव.

किमतीतला फरक नावाचा आहे. मॅकॅलनच्या बाटलीत तू जाहिरात, खोका आणि लिलावातला भाव यांचेही पैसे देतेस. पिंपातलं काम तेच असतं.

वयाबद्दल एक गोष्ट पक्की धर. बाटलीवरचा आकडा म्हणजे आतल्या सगळ्यात लहान व्हिस्कीचं वय, आणि ते मोजलं जातं फक्त ओकच्या पिंपात. बाटलीत भरली की वाढ थांबली. १९८५ साली भरलेली बारा वर्षांची बाटली आजही बाराचीच. त्यामुळे कुणी 'चाळीस वर्षं जपून ठेवलेली' म्हणून किंमत सांगू लागला तर भरल्याची तारीख आधी विचार.

आता लेबल वाचायला शीक, कारण सगळी गंमत तिथेच आहे. चांगल्या इंडिपेंडंट बाटलीवर डिस्टिलरीचं नाव, गाळल्याची तारीख, भरल्याची तारीख, पिंपाचा प्रकार, पिंपाचा नंबर, एकूण किती बाटल्या निघाल्या आणि अल्कोहोलचं प्रमाण एवढं सगळं असतं. समजा लिहिलंय: रिफिल हॉग्सहेड, २५ वर्षं, २१४ बाटल्या, ५०.८ टक्के. हिशोब कर. हॉग्सहेड म्हणजे साधारण अडीचशे लिटरचं पिंप, आणि रिफिल म्हणजे आधी व्हिस्कीसाठी वापरलेलं. स्कॉटलंडच्या हवेत वर्षाला दोनेक टक्के उडून जातं. पंचवीस वर्षांत उरले दीडशे लिटर, म्हणजे ७० सेंटिलिटरच्या दोनशे चौदा-पंधरा बाटल्या. जुळलं. बाटली खरं बोलतेय. पण त्याच वयाच्या एकाच हॉग्सहेडमधून साडेचारशे बाटल्या काढल्याचा दावा असेल तर पाणी घालूनही तो आकडा गाठता येत नाही. दुकानदाराला सरळ विचार. पाचशे लिटरचं शेरी बट, म्हणजे स्पेनच्या शेरी वाइनचं मोठं पिंप, असेल तर गोष्ट वेगळी.

अल्कोहोल ४१-४२ टक्के दिसलं तर लगेच पाणी घातलं असं समजू नकोस. फार जुन्या पिंपात जोर आपसूक उतरतो. ४० च्या खाली गेलं तर कायद्याने तिला स्कॉच म्हणताच येत नाही, म्हणून कित्येक पिंपं त्या आधीच घाईने भरली जातात. 'कास्क स्ट्रेंग्थ', म्हणजे पिंपातल्या जोरानेच, पाणी न घालता भरलेली, असं लिहिलेलं असलं की झालं.

'फिनिश' या शब्दापाशी मात्र थांब. थकलेल्या पिंपात वीस वर्षं पडून राहिलेली व्हिस्की शेवटचे काही महिने ताज्या शेरी पिंपात टाकतात आणि लेबलवर शेरी मोठ्या अक्षरात येते. काही फिनिश उत्तम असतात, नाही म्हणत नाही. पण वडिलांना आयुष्यात एकदा द्यायची बाटली असेल तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच पिंपात राहिलेली घे.

कधी डिस्टिलरीचं नावच नसतं. 'सीक्रेट स्पेसाइड' (स्पेसाइड हा स्कॉटलंडचा व्हिस्कीचा एक भाग) असतं, किंवा बर्नसाइड, वॉर्डहेड अशी अनोळखी नावं. बर्नसाइड म्हणजे बाल्व्हेनी आणि वॉर्डहेड म्हणजे ग्लेनफिडिक, फक्त त्यात दुसऱ्या डिस्टिलरीचा चमचाभर माल्ट घातलेला, जेणेकरून मूळ नाव वापरता येऊ नये. कायद्याने ती ब्लेंडेड माल्ट ठरते, किंमत उतरते, चव तीच. तुझ्यासारख्या गिऱ्हाइकासाठी ही सोन्याची खाण आहे.

आणखी एक वाट सुचवतो. सिंगल ग्रेन बघ, म्हणजे एकाच डिस्टिलरीची, पण मुख्यतः गहू-मक्यासारख्या धान्यापासूनची व्हिस्की. इन्व्हरगॉर्डन, कॅमरनब्रिज, नॉर्थ ब्रिटिश इथली पंचवीस-तीस वर्षं जुनी ग्रेन व्हिस्की माल्टपेक्षा खूप स्वस्त पडते. गोड, मऊ, व्हॅनिला आणि खोबऱ्याकडे झुकणारी. सोड्यातून पिणाऱ्या माणसाला आयला बेटावरची धुरकट व्हिस्की एकदम देशील तर तो बिचकेल, ही मात्र पहिल्या घोटाला आवडेल. आणि डिस्टिलरीचीच बाटली हवी असेल तर ग्लेनफार्कलासची पंचविशी पाहा. १८६५ पासून एकाच घराण्याकडे आहे आणि मॅकॅलनच्या मानाने भाव फार माणुसकीचा.

लिलावातून भेट घेऊ नकोस, जुन्या नावाखाली खोट्या बाटल्या फिरतात. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट मोरिट्झमधल्या एका हॉटेलात १८७८ ची म्हणून ठेवलेल्या मॅकॅलनचा एक पेग दहा हजार फ्रँकच्या आसपास विकला गेला. प्रयोगशाळेत तपासली तर ती १९७० नंतरची निघाली. त्या काळात स्कॉटलंडच्या प्रयोगशाळेने ५५ जुन्या बाटल्या कार्बनवरून वय काढून तपासल्या, त्यातल्या २१ खोट्या. हे बहुतेक दुर्मिळ, महाग मालाबाबत होतं, पण भेट द्यायची वस्तू थेट दुकानातून, बिलासकट घ्यावी.

कस्टमचं: माणशी दोन लिटर विनाशुल्क. ७० च्या तीन बाटल्या म्हणजे २.१ लिटर, शंभर मिलीने हद्द ओलांडली. दोनच ने.

— एडिंबराचे काका, मूळ धंतोली

*

उत्तर: उत्तर: बाबांच्या रिटायरमेंटसाठी...

काकांनी सगळं बरोबर सांगितलं. मी आता कायमचा नागपूरला परत आलो आहे, म्हणून इकडची बाजू मांडतो.

ताई, मेमध्ये आणून राहिली आहेस, हे लक्षात घे. इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जाते. माझ्या मित्राकडे दुबईहून आलेली एक सुंदर जुनी बाटली हॉलच्या शोकेसमध्ये होती, पश्चिमेच्या भिंतीला लागून, आडवी ठेवलेली. संध्याकाळी त्या भिंतीला हात लावला तर चटका बसे. त्याने उघडायला घेतली तेव्हा बूच मधूनच तुटलं, अर्धं आत पडलं, आणि पातळी खांद्याच्या खाली उतरलेली होती. व्हिस्कीत अल्कोहोल जास्त असते, ते बुचाला सतत लागत राहिलं की बूच कुजते. वाईनसारखी आडवी ठेवायची नाही. उभी ठेवायची, अंधारात, घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत. जिन्याखालची जागा उत्तम. फ्रिज नको. आणि कूलरसमोर तर अजिबात नको, त्या ओल्या हवेत लेबल सुटून येते.

प्यायचं म्हणशील तर मेमध्ये उघडूच नका. अडतीस-चाळीस डिग्रीच्या खोलीत ग्लास नाकाशी नेला की नुसतं अल्कोहोल डोक्यात जाते, पंचवीस वर्षांचं काहीच कळत नाही. सत्कार होऊ द्या, बाटली हातात द्या, फोटो काढा, आणि डिसेंबरसाठी ठेवून द्या. बंद बाटलीचं काही बिघडत नाही. नागपूरच्या थंडीत रात्री दहा-बारा डिग्रीला गच्चीवर ती उघडली की ओकचा, मनुक्याचा, संत्र्याच्या सालीचा वास आपोआप येईल. पहिला घोट नुसता, मग चार थेंब साधं पाणी. सोडा त्या दिवशी बाजूला ठेवायला सांगा बाबांना, एवढं मुलीचं ऐकतील.

आणि सावजी नंतर. मटणाची ती तर्री एकदा जिभेवर बसली की कोणत्याही स्कॉचला तिथे जागा उरत नाही. आधी खारे दाणे किंवा भाजलेले काजू, मग व्हिस्की, मग जेवण.

दोन गोष्टी कायद्याच्या. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. बाबांचा नसेल तर काढून ठेवा, एक दिवसाचा, वर्षाचा, आजीवन असे प्रकार आहेत. आणि रिटायरमेंटनंतर वर्ध्याला नातेवाइकांकडे जाणार असाल तर बाटली घरीच राहू द्या. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीतही. गाडीत सापडली तर गिफ्ट होती म्हणून कोणी सोडत नाही.

दोहाहून थेट नागपूरला येणार असशील तर बाटल्या चेक-इन बॅगेतच टाक. केबिनमध्ये नेल्या तर मधल्या सिक्युरिटीला द्याव्या लागायची भीती राहते.

— धरमपेठ, परत घरी

*

उत्तर: उत्तर: उत्तर: बाबांच्या रिटायरमेंटसाठी...

सर्वांना नमस्कार. याच धाग्यात विचारतो. मला एकाचा फोन आला, व्हिस्कीचं अख्खं पिंप घ्या, दहा वर्षांनी दुप्पट होईल, हवं तर नागपूरला पाठवून देऊ. घ्यावं का?

— मानेवाडा, सध्या लेस्टर

*

उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: ...

अजिबात नको. सिंगल माल्ट पिंपातून परदेशी पाठवताच येत नाही. २०१२ पासून ती स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरावी लागते. म्हणजे 'नागपूरला पाठवू' म्हणणाऱ्याला एकतर कायदा माहीत नाही किंवा तुला तो माहीत नाही यावर त्याची भिस्त आहे. ज्या गोदामात पिंप आहे त्या गोदामवाल्याने तुझ्या नावाने लेखी कळवलं नाही तोवर ते पिंप तुझं नाही. विक्रेत्याने दिलेलं छापील सर्टिफिकेट काही कामाचं नाही. इथे लोकांची आयुष्यभराची बचत यात बुडालेली आहे. घरच्यांनाही सांगून ठेव, असे फोन त्यांनाही येतील.

— एडिंबराचे काका

*

उत्तर: बाबांच्या रिटायरमेंटसाठी...

काका, दादा, मनापासून आभार.

काल दुकानात गेले आणि लेबलं घेऊन बसले. दोन बाटल्या ठरल्या. बाबांसाठी नाव न छापलेली पंचवीस वर्षांची स्पेसाइड, रिफिल हॉग्सहेडची, फिनिश नाही. बाटल्यांचा आकडा काकांच्या हिशोबात बसला, तेव्हा दुकानातला मुलगाही कौतुकाने बघत होता. दुसरी इन्व्हरगॉर्डनची ग्रेन, बाबांच्या गच्चीवरच्या मित्रांसाठी, म्हणजे पंचविशी चौघांत पहिल्याच रात्री संपणार नाही. आईला जिन्याखालची फडताळाची जागा मोकळी करायला सांगितली आहे. तिने विचारलं, तिथली लोणच्याची बरणी कुठे ठेवू. ती शेजारी राहिली तर चालेल ना?

— लक्ष्मीनगरची

*

उत्तर: बाबांच्या रिटायरमेंटसाठी...

बूच घट्ट असेपर्यंत चालेल. एकदा उघडली की मात्र बरणी दुसरीकडे हलव. बाटली निम्म्याच्या खाली गेली की आतली हवा वाढते आणि चव सपाट व्हायला लागते, तेव्हा उरलेली छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवायला सांग. आणि दुकानातून बाटली घेताना बूच एकदा उभ्या बाटलीवरच बघून घे, कडेला ओल किंवा डाग असेल तर दुसरी माग. पॅकिंगला फुगेवाला प्लास्टिकचा कागद, त्यावर दोन जाड टॉवेल, आणि बॅगेच्या बरोबर मधोमध.

— एडिंबराचे काका